आक्काच्या डोळ्यांतला दाब

निपाणीत आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायका तंबाखूच्या वखारीत कामाला जात. तंबाखू कुटायची, चाळायची, काड्या वेगळ्या करायच्या, असं ते काम. वखारीला खिडक्या होत्या, पण वाऱ्यानं माल उडतो म्हणून त्या बंद ठेवत. आत एवढी धूळ असे की नव्या बाईला पहिल्या दिवशी उलट्या होत. जुन्या बायकांना त्या धुळीची सवय झालेली असे. त्यांचे फक्त डोळे लाल होत, चुरचुरत आणि सकाळी चिकटून बसत.

कधीतरी एका बाईला गावातल्या डॉक्टरनं डोळ्यांचे थेंब लिहून दिले होते. तिचे डोळे एका दिवसात निवळले. मग तीच रिकामी बाटली औषधाच्या दुकानात दाखवून दुसरीनं नवी आणली, आणि दुसरीचं बघून तिसरीनं. मी शाळेत जाऊ लागले तोवर ती रोजची रीत झाली होती. दुपारची भाकरी खाऊन झाली की बायका भिंतीला पाठ लावून ओळीनं बसत, माना वर करत, आणि एक जण बाटली घेऊन ओळीतून फिरे. बाटली आळीपाळीनं आणत. सुट्टीच्या दिवशी मी आईची भाकरी घेऊन गेले की हे बघत थांबायची.

"डोळं मीट की गं, नवरीगत वर काय बघतीयास," थेंब घालणारी म्हणायची.

"तुझं तोंड दिसतंय, म्हणून मिटवंना," खालची म्हणायची, आणि सगळी ओळ हसायची.

माझे वडील त्याच वखारीत हमाली करत. मी पाचवीत असताना ते तापानं गेले. तेव्हा आक्का, माझी मोठी बहीण, नववीत होती. तिनं शाळा सोडली आणि आईच्या शेजारी चाळणी धरून बसली. मला मात्र दोघींनी शाळेतून काढलं नाही. पुढे मी बेळगावात राहून बी.एस्सी. केलं, शिक्षिका झाले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. त्या दोघींच्या मजुरीवर मी शिकले हे आधीच सांगते, कारण मला लिहायचं आहे ते आक्काचे डोळे कसे गेले त्याबद्दल. ते डोळे त्या वखारीत गेले, आणि वखारीत ती माझ्या शिक्षणासाठी राहिली होती.

पण आधी आईचे गेले.

आईच्या डोळ्यांची तक्रार अशी नव्हतीच. दुखत नव्हते, पाणी येत नव्हतं. समोरची सुई ती चाळिशीतसुद्धा ओवत असे. फक्त दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटू लागला. रस्त्यात बाजूनं कुणी आलं तर अंगावर येईपर्यंत तिला कळत नसे. वखारीतल्या बायका म्हणायच्या, "हिला टांग्याच्या घोड्यागत झापडं लावल्यात कुणी तरी." आईही हसायची. दिव्याभोवती तिला रंगीत कडं दिसायचं. ते तिनं आम्हाला कौतुकानं सांगितलं होतं, जणू देवाची काही कृपा असावी.

आमच्यात पन्नाशीच्या आसपास डोळे जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या आईचे गेले होते. त्या आजीच्या वडिलांचेही गेले होते. त्याला आमच्याकडे आजार म्हणत नसत. केस पिकतात, दात पडतात, तसे डोळे जातात. कुणी फार विचारलं तर मोतीबिंदू म्हणायचं. मोतीबिंदू पिकावा लागतो, मग काढतात, हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हणून आई पिकायची वाट बघत होती.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा घरी आले, तर आई शेजारणीच्या आवाजाकडे कान लावून बोलत होती, तोंडाकडे बघत नव्हती. मी तिला बेळगावला घेऊन गेले. मी तिथल्या अनगोळ भागात आणखी दोन मुलींबरोबर एका खोलीत राहत होते. तिथं तिला ठेवलं आणि सकाळी सरकारी दवाखान्यात नेलं.

डोळ्यांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. कन्नड बोलणारी, पण मराठी समजणारी आणि अडखळत का होईना बोलणारी. तिनं आईला टेबलावर झोपवलं, डोळा बधिर करणारं औषध घातलं, आणि पापण्या बोटांनी ताणून एक छोटं वजनदार उपकरण बुबुळावर टेकवलं. त्यावरचा काटा हलला. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा वाचला, उपकरण पुसलं आणि परत टेकवलं. मग दुसऱ्या डोळ्यावर. कपाळाला लावलेल्या दिव्यानं आत बराच वेळ बघत राहिल्या.

"मोतीबिंदू नाही हा," त्या मला म्हणाल्या. "काचबिंदू."

"पिकला न्हाय व्हय अजून?" आईनं पडल्या पडल्या विचारलं.

"हा पिकत नाही अव्वा. पिकायची वाट बघू नका."

मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत एक पाणी सारखं तयार होत असतं. अश्रूंचं नव्हे, आतलं. ते एका बारीक मोरीतून बाहेर जातं. मोरी तुंबली की पाणी साठतं, आतला दाब वाढतो, आणि मागची शीर हळूहळू मरते. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. गेलेली परत येत नाही. त्यांचं मराठी सोपं होतं, त्यामुळे ते जास्तच लागलं.

"घरात आणखी कोणाचे गेले?"

"आमच्यात जात्यातच की," आई म्हणाली. "माज्या आईचं गेलं, आज्जाचं गेलं."

"डोळ्यात काही औषध घालता?"

आईनं पदराच्या गाठीतून बाटली काढून दिली. ती नेहमी तिच्याजवळ असे. डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं लेबल खिडकीकडे धरून वाचलं.

"किती वर्षं?"

"लई वर्सं. ह्येनंच तर बरं वाटतंय."

हे औषध काय आहे ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. शरीर स्वतःच एक हार्मोन तयार करतं, त्याच जातीचं हे औषध. सूज, लाली ताबडतोब ओसरते. पण काही माणसांच्या डोळ्यांत ते सतत घातलं तर तीच ती मोरी आवळत जाते. सगळ्यांच्या नाही. ज्यांच्या रक्तात काचबिंदू आहे, त्यांच्यात जास्त.

"म्हंजे वखारीतल्या बाकीच्या बायास्नी काय व्हणार न्हाय?"

"पुष्कळ जणींना नाही होणार."

"मग आमीच काय पाप केलं?"

"पाप नाही अव्वा. आईबापाकडून आलेलं आहे. नाक येतं तसं." त्या केसपेपरवर लिहायला लागल्या आणि सहज विचारलं, "तुमचे मालक नात्यातले होते?"

"माजा सख्खा मामा."

आमच्या भागात हे नवल नव्हतं. मुलगी बाहेर देण्यापेक्षा मामाला द्यावी, सासू ही आजीच असते, पोर सुखात राहते, असा विचार. पण तो विचार एका दवाखान्यात बसून ऐकताना मला माझ्या वर्गातला फळा आठवला. आनुवंशिकतेच्या तासाला सरांनी चौकोन आणि गोल काढून घराण्यांचे तक्ते शिकवले होते. चौकोन पुरुष, गोल बाई, आजार असला की आतून काळा रंग. आमच्या घरचा तसा तक्ता काढायला घेतला तर रेघा खाली उतरण्याऐवजी वळून परत त्याच गोलाकडे येणार होत्या. आईची आई हीच वडिलांची बहीण. जे आईकडे होतं तेच वडिलांकडेही असणार, फक्त ते दिसायच्या आधीच वडील गेले.

"मुली किती?"

"ही एक. थोरली दिली गेल्या वर्सी."

"कुठे?"

"उचगावात. माज्या धाकट्या भावाला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ती पण वखारीत होती? तिनंही हे थेंब घातले?"

"माज्याच बाटलीतलं," आई म्हणाली.

"तिला घेऊन या. लवकर."

आईला त्यांनी बाहुली बारीक करणारे थेंब आणि गोळ्या दिल्या. थेंबांनी कपाळ ठणके, गोळ्यांनी बोटांना मुंग्या येत. लाल डोळे पांढरे करणारं जुनं औषध डोळ्याला थंड वाटे, हे नवं औषध जाळत असे. आईनं ते घेतलं, पण तिच्या लेखी कुठलं औषध खरं हे ठरलेलं होतं. उरलेली नजर काही महिने टिकली. त्या वर्षाच्या अखेरीस तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

आक्का तेव्हा गरोदर होती. उचगावात मामाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, थोडी भातशेती होती. त्याची आई, म्हणजे आमची आजी, वारल्यावर घरात दुसरी बाई नव्हती, त्यामुळे आक्कानं एक दिवसही घर सोडणं अवघड होतं. सासुरवाशिणीला मोकळीक मिळते ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना. म्हणून मामानं ठरवलं की सातव्या महिन्यात निपाणीला पोचवायला निघू तेव्हाच वाटेत बेळगावात डोळे दाखवू. मामा चांगला माणूस होता. दवाखान्याला तो कधी नाही म्हणाला नाही. त्याला फक्त सगळी कामं एका फेरीत उरकायची सवय होती.

त्या दिवशी मीही दवाखान्यात होते. आक्काला टेबलावर चढायला आधार द्यावा लागला. डोळ्यावर उपकरण टेकवलं तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. काटा हलला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे परत परत मोजले.

"दाब नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या.

मामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि भिंतीला टेकला.

"पण ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात मूल असताना बाईच्या अंगात जी हार्मोन्स वाढतात, त्यांनी डोळ्यातली ती मोरी जरा मोकळी होते. दाब खाली येतो. मूल झालं की हार्मोन्स उतरतात, आणि दाब परत मूळपदावर. म्हणून आजच्या आकड्यावर जाऊ नका. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी परत आणा. आणि ते थेंब अजिबात नकोत."

मी ते सगळं मामाला बाहेर येऊन परत सांगितलं. त्यानं मान डोलावली. पण बाजारात शिरताना त्याची चाल बदललेली होती. त्यानं कुंद्याच्या मिठाईचा पुडा घेतला, निपाणीला गेल्यावर शेजारीपाजारी वाटला, आणि प्रत्येक दारात एकच शब्द सांगितला, नॉर्मल. आईनं तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. त्या घरात त्या दिवशी इतका आनंद होता की त्याच्या पुढचं वाक्य कुणाला ऐकायचं नव्हतं.

मुलगी झाली. आमचं घर म्हणजे दोन खोल्या. आतली खोली बाळंतिणीची. झरोका पोत्यानं बंद केलेला, दाराला जाड पडदा, बाजेखाली शेगडी. दिवसातून दोनदा ओवा, बाळंतशोपा आणि लसणाच्या सालींची धुरी. आक्काच्या कानात कापूस, डोक्याला फडकं. सव्वा महिना वारं लागू द्यायचं नाही, उजेडात यायचं नाही. आत माणसाला माणूस दिसत नसे. मी परीक्षा संपवून गेले तेव्हा पडद्याआड शिरताच माझे डोळे वाहू लागले.

आक्का बाजेवर टेकून बसली होती, पोर मांडीवर. अंधाराला डोळे सरावल्यावर मला तिचे डोळे दिसले. पांढरा भाग स्वच्छ होता. एवढ्या धुरात तो स्वच्छ कसा, हे मला त्याच क्षणी कळलं.

"आक्का, थेंब घालतीस?"

"मग काय करू? धुरानं डोळं फुटाय आलतं. वखारीतल्या बाया पोरगी बघाय आलत्या, त्यांनी दिली बाटली."

"डॉक्टरीण नको म्हणाली होती."

"तिनंच मोजलं न्हवं? मी सात-आठ वर्सं त्येच थेंब घातलं, लगीन झाल्यावर सुदिक घालत हुतो. तरी दाब नॉर्मल आला. म्हंजे मला सोसतंय. आईला सोसलं न्हाय, मला सोसतंय."

हे उत्तर चुकीचं होतं, पण त्यात तर्क होता. एखाद्या शिकलेल्या माणसानंही तोच काढला असता. मी तिला पोटातल्या मुलामुळे दाब उतरतो ते सांगितलं.

"पोर पोटात असताना डोळ्यास्नी कसं कळतंय गं?" ती हसली. "कालेजात असलंच शिकिवत्यात व्हय?"

आई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ती पुढं सरकली आणि आक्काचा चेहरा चाचपू लागली, कपाळ, पापण्या, गाल. "सुजल्यालं न्हाईत डोळं," ती मला म्हणाली. "बाळातीण हाय ती. तिला भ्या घालू नगंस."

मी ती बाटली घेतली आणि मोरीत ओतली. मी बेळगावला परत गेल्यावर दुसरी आली, हे मला पुढं कळलं. औषध देणाऱ्या बायका आक्काच्याच सोबतिणी होत्या, एका ओळीत बसून वर्षानुवर्षं त्यांनी एकमेकींचे डोळे जपले होते. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती, आणि म्हणूनच त्यांना थांबवता आलं नाही.

तीन महिन्यांनी आक्का उचगावला गेली. उचगाव ते बेळगाव एसटीनं फार तर अर्धा तास. निपाणीहून जो दवाखाना लांब होता तो आता जवळ आला होता. पण भाताची लावणी आली, मग तण काढायची भांगलण, मग पोरीला गोवर. मी रविवारी जायची आणि विषय काढायची.

"दुखतंय का तुला?" मामा आक्काला विचारायचा.

"न्हाय की."

"सुगी झाली की जाऊया," तो मला म्हणायचा. "शब्द देतो."

त्याचा शब्द खोटा नव्हता. काचबिंदूची खोड अशी की तो दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी शेतकऱ्याच्या घरात दिवस निघत नाही. आक्काला दिव्याभोवती कडी दिसत होती का, हे मी एकदा विचारलं. "दिसत्यात," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. उलटताना तिचा हात तव्याच्या कडेला लागला. तिनं तो झटकला आणि पदरात धरला. मी मामाला त्याच वेळी म्हणाले की उद्याच चल. तो म्हणाला, उद्या पाटाचं पाणी येणार आहे.

मग ते झालं. पोर रांगत होती. आक्का अंगणातून पाण्याची घागर घेऊन आत येत होती, आणि पोर तिच्या डाव्या बाजूनं, भिंतीकडून रांगत आली. आक्काला ती दिसलीच नाही. तिच्या टाचेखाली पोरीची बोटं आली. घागरीसकट वजन. पोर रडली तेव्हाही आक्काला ती कुठं आहे ते दिसेना. ती घागर टाकून गोल फिरत राहिली, असं शेजारीण सांगत होती, आणि पोर तिच्या पायापाशीच होती.

पोरीची दोन बोटं मोडली होती. मामा दोघींना घेऊन दवाखान्यात आला आणि त्यानं माझ्या शाळेत माणूस पाठवला. मी नुकतीच नोकरीला लागले होते. मी गेले तेव्हा पोरीच्या हाताला पट्टी बांधून झाली होती आणि आक्का डोळ्यांच्या विभागात, त्याच टेबलावर पडलेली होती. त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी डावा डोळा मोजला. काटा जिथं थांबला ते त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही.

"डाव्या डोळ्यासमोर किती बोटं?"

"कुटं?"

"माझा हात दिसतो?"

"उजेड दिसतोय," आक्का म्हणाली.

उजव्या डोळ्यात समोरची थोडी नजर होती, एखाद्या नळीतून बघितल्यासारखी. शीर बरीच वाळली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्यांनी शांतपणे विचारलं, थेंब बंद केले होते का, आणि आक्कानं नकाराची मान हलवली. का, ते कुणी विचारलं नाही.

मामा टेबलाच्या पायथ्याशी उभा होता. "माजा एक काढून बसवा तिला," तो म्हणाला. "मला एकावर भागतंय. शेतच बघायचं हाय."

"तसं होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला थोडा वेळ निरखलं. "तुम्हीही झोपा टेबलावर."

मामानं आयुष्यात ते थेंब घातले नव्हते. तरी त्याचाही दाब वाढलेला होता. त्याला त्याचं वाईट वाटलं असं दिसलं नाही. तो उठून बसला आणि पोरीकडे बघितलं. ती माझ्या कडेवर झोपली होती, पट्टी बांधलेला हात माझ्या खांद्यावर टाकून. दोन्ही बाजूंनी तिच्याकडे तेच आलेलं असणार, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

आक्काच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. पाणी जायला नवी वाट करून देतात, तसलं. दाब उतरला. नजर आली नाही, येणार नव्हती, पण समोरचा तो तुकडा राहिला. तेवढ्या तुकड्यात ती पोरीचं तोंड आणायची, हनुवटी धरून. पोर हात सोडवून पळायची.

ती घरी आल्यावर निपाणीहून आई उचगावला राहायला आली. दोन बायका, एक पुरती आंधळी, एक जवळजवळ. मामा पहाटे चूल पेटवून शेतावर जायचा. मी शनिवारी येऊन दळण, धुणं बघायची. असं किती दिवस चालणार, हा प्रश्न होता, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. मामाचा आणखी एक धाकटा भाऊ होता, सांबऱ्याला विमानतळाच्या बाजूला एका गॅरेजात कामाला. त्याचं लग्न व्हायचं होतं.

आईनं एका दुपारी विषय काढला. "ही ह्याच घरात आली तर तुमास्नी आधार हुईल. शिकल्याली हाय, नोकरी हितनं बी करंल. घरचीच पोरगी घरात."

खरं सांगायचं तर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. ज्या दोघींनी मला वाढवलं त्या दोघी समोर अशा बसल्या होत्या, आणि मागणं काही अन्यायाचं नव्हतं. तसाच आमचा रिवाज होता.

आक्का शेंगा सोलत होती. ती सोलायची थांबली.

"न्हाय," ती म्हणाली.

"का गं?"

"मी हाय न्हवं. माजी पोर हाय. बास झालं. हिला घरात द्यायची न्हाय."

"मग तुमचं कोण बघायचं?"

"आमी बघू. हिला बाहेर दे. लांब दे."

"तुज्यासाठीच म्हंतोय मी."

"ठावं हाय," आक्का म्हणाली. "म्हणूनच न्हाय म्हंतोय."

आई रुसली. मामा संध्याकाळी आला, त्याला आक्कानंच सांगितलं. तो पोरीला घेऊन गोठ्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं धाकट्या भावासाठी बाहेरची मुलगी बघायला सांगितल्याचं कळलं. तेव्हापासून आक्का माझ्या लग्नाच्या मागं लागली.

पहिली मंडळी निपाणीच्या घरी मला बघायला आली तेव्हा आईबरोबर आक्काही मुद्दाम उचगावहून आली होती. उप्पीट झालं, चहा व्हायचा होता. मुलाच्या आईनं माझ्या पगाराबद्दल, मग घराण्याबद्दल विचारलं. मामा उत्तर द्यायच्या आधी आक्का बोलली. "आमच्यात डोळं जात्यात. आईचं गेलं, माजं गेलं. हिचं आज बरं हायत, पण रक्तात हाय. मागनं कळाय नगं म्हणून सांगतोय."

चहा आला तसा राहिला. मंडळी उठली, नमस्कार करून गेली. आई आतल्या खोलीत जाऊन बसली आणि तिथूनच आक्काला बोलू लागली. "बहिणीचं वाटोळं करायला बसलीस. तुझं झालं म्हणून तिचंबी."

"जाऊंदे त्यास्नी," आक्का म्हणाली.

असं आणखी दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मीच आक्काला विनवलं होतं की सगळं ठरल्यावर सांगू. तिनं ऐकलं नाही. ठरल्यावर सांगणं म्हणजे न सांगणंच, असं तिचं म्हणणं, आणि मला ते पटलं नव्हतं. या काळात तिच्या उरलेल्या डोळ्याचीही नजर आटत चालली होती. ती तसं म्हणत नसे. ताटातला पदार्थ हातानं शोधताना दिसे, एवढंच.

मग खानापुराकडचे एक मास्तर आले, मुलाचे वडील. बरोबर मुलगा, तोही शिक्षक. आक्कानं तीच वाक्यं सांगितली, त्याच क्रमानं. मास्तरांनी बशी खाली ठेवली. ते उठतील असं मला वाटलं.

"मग त्याला उपाय काय?" त्यांनी विचारलं.

आतापर्यंत हा प्रश्न कुणी केला नव्हता. मग तिनं सांगायला सुरुवात केली. दर वर्षाला दाब मोजायचा, दुखत नसला तरी. गरोदरपणात मोजला तर तो खरा धरायचा नाही, मूल झाल्यावर परत मोजायचा. कुणी मायेनं दिलेले थेंब डोळ्यात घालायचे नाहीत. पोरं झाली तर त्यांचेही मोजायचे, शाळेत जायच्या आधी. ती हळू आणि स्पष्ट बोलत होती, मास्तर मध्येच एखादी गोष्ट परत विचारून घेत होते आणि ती परत सांगत होती.

बोलताना तिचं तोंड दाराकडे होतं. मास्तर खिडकीखाली बसले होते. मी चहाचा ट्रे ठेवला, तिच्या मागं जाऊन उभी राहिले, आणि खांद्याला हात लावून तिला त्यांच्या बाजूला वळवलं.